मोटारीचा वेग आणि विजेचे बिल

मोठ्या कारखान्यातील ३.३ किंवा ६.६ किलोव्होल्टच्या मोटारीला वेग बदलणारा ड्राइव्ह बसवावा का, हा लाखोंचा सवाल आहे. आम्ही कापडवाले, पण हिशेब सरळ आहे. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती सुमारे ५१ टक्के उरते. कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते. सतत पूर्ण वेगाने चालणाऱ्या यंत्रावर मात्र बचत नाही, उलट ड्राइव्हच थोडी वीज खातो. मंद वेगात मोटारीवरचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि मोटार तापते. लांब केबलीने इन्सुलेशनवर ताण येतो. म्हणून बंधूंनो, यंत्र वर्षातून किती तास कमी वेगाने चालेल ते आधी वहीत मांडा, मगच सौदा करा.