बसते, पण चालत नाही!

एखादी किल्ली कुलपात सहज शिरते, पण फिरत नाही. गेम कन्सोलची, म्हणजे खेळ खेळण्याच्या संगणकाची, साठवणक्षमता वाढवताना हाच अनुभव हजारो रुपयांना पडू शकतो. असे का होते ते पाहू.

२०१३ साली आलेल्या 'प्लेस्टेशन ४'मध्ये फिरत्या तबकडीची अडीच इंची हार्डडिस्क होती. तिच्या जागी तेवढीच एसएसडी बसवून प्रणाली नव्याने घातली, की यंत्र चालते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात राहते. तरीही अदलाबदल जमते, कारण दोन्हींची जोडणी 'साटा' या एकाच पद्धतीची असते.

२०२० च्या 'प्लेस्टेशन ५'मध्ये मात्र 'एम.२' ही खोबण आहे. एम.२ हे आकाराचे नाव आहे, पद्धतीचे नव्हे. या आकारात साटा एसएसडी मिळते, तशीच 'एनव्हीएमई' एसएसडीही. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईच्या पट्टीला बहुधा एक. दोन खाचांची पट्टी या खोबणीत नीट बसते. पण यंत्र तिला ओळखत नाही.

याचे कारण असे, की दोन्हींचे विद्युतमार्ग वेगळे आणि आज्ञांची भाषाही वेगळी. साटाबरोबर वापरली जाणारी 'एएचसीआय' ही रीत तबकड्यांच्या काळातली. तिच्यात आज्ञांची एकच रांग असते आणि त्या रांगेत ३२ आज्ञा मावतात. २०११ साली आलेली एनव्हीएमई चिपसाठीच आखलेली आहे. तिच्यात सुमारे ६५ हजार रांगांची सोय आहे.

आता वर्गात एक हिशेब मांडू. साटातून सेकंदाला जास्तीत जास्त ६०० मेगाबाइट माहिती जाते. प्लेस्टेशन ५ साठी ५,५०० मेगाबाइट किंवा अधिक वेगाची शिफारस आहे. ९९ गीगाबाइट माहिती वाचायला पहिल्या वेगाने १६५ सेकंद लागतील, दुसऱ्या वेगाने अवघी १८! प्रत्यक्षात इतर कामांमुळे वेळ थोडा वाढतो.

वेगाबरोबर उष्णताही वाढते. म्हणून येथे उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक आवश्यक असतो. त्याच्यासह पट्टीची जाडी सव्वाअकरा मिलिमीटरच्या आत हवी.

तेव्हा खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारू या: आकार जुळतो का? पद्धत जुळते का? वेग पुरतो का? उष्णतेची सोय आहे का? चारही उत्तरे 'हो' आली, तरच किल्ली फिरेल.