सुरकुत्या शिथिल करणाऱ्या बोट्युलिनम टोचणीचे चेहऱ्यावरील दीर्घकालीन परिणाम : एक विवेचन

प्रस्तावना :
चेहऱ्यावरील सुरकुत्या घालविण्यासाठी बोट्युलिनम विषाची टोचणी, म्हणजेच बोटॉक्स, आज जगभर घेतली जाते. तिचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो, म्हणून ती निर्धोक आहे असे सांगितले जाते. एका टोचणीपुरते हे बरेचसे खरे आहे. परंतु परिणाम टिकवायचा तर टोचणी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. या सातत्याने चेहऱ्यात काय बदल होतात, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
बेल्जियममधील एका अन्नविषबाधेचा शोध घेताना एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी १८९५ मध्ये हे विष निर्माण करणारा जिवाणू ओळखला. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी या विषाचा उपयोग तिरळेपणावर केला व १९८९ मध्ये त्यास तेथील अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांना पापण्यांवर उपचार करताना रुग्णाच्या भुवयांमधील आठ्याही नाहीशा झाल्याचे आढळले. त्यांनी व त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स यांनी १९९२ मध्ये यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला. आठ्यांवरील या उपचारास अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली.

कार्यपद्धती :
स्नायूला आकुंचनाचा संदेश अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाद्वारे मिळतो. हे विष चेतातंतूच्या टोकाशी असलेले एक प्रथिन तोडते व त्या रसायनाचे स्रवणे थांबविते. स्नायू सैल पडतो आणि त्यावरील त्वचेला घडी पडत नाही. कालांतराने चेतातंतूला नवे अंकुर फुटतात, पुढे मूळ टोकही कार्यक्षम होते आणि हालचाल परत येते.

दीर्घकालीन परिणाम :
१) सुरकुत्यांचे प्रमाण : विल्यम बाइंडर यांनी २००६ मध्ये एकसारख्या जुळ्या बहिणींची तुलना प्रसिद्ध केली. १३ वर्षे नियमित टोचणी घेणाऱ्या बहिणीच्या कपाळावर कायमच्या रेषा नव्हत्या. केवळ दोनदा टोचणी घेतलेल्या बहिणीच्या कपाळावर त्या स्पष्ट होत्या. अर्थात एका जोडीवरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. टोचणी थांबविल्यास सुरकुत्या पूर्वीपेक्षा वाढतात, हा समज मात्र निराधार आहे.

२) स्नायूक्षय : न वापरलेला स्नायू बारीक होतो. जबडा निमुळता दिसावा म्हणून चर्वणाच्या स्नायूत टोचणी देतात, तेव्हा हा क्षय हेच उद्दिष्ट असते. कपाळावर मात्र तो अभिप्रेत नसतानाही संभवतो. शिवाय एक स्नायू सैल पडला की शेजारचे स्नायू अधिक काम करतात व नाकाच्या बाजूंना नव्या रेषा दिसू लागतात.

३) प्रतिपिंडे : मोठ्या मात्रा व कमी अंतर यांमुळे शरीर विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते आणि उपचार निष्प्रभ ठरू शकतो. सौंदर्योपचारातील अल्प मात्रांमुळे असे क्वचितच घडते.

४) भावाभिव्यक्ती : भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या ७ क्रिया वर्णिल्या असून भ्रुकुटी ही त्यांपैकी एक आहे. कपाळाची आठी समोरच्याला नापसंती, चिंता वा एकाग्रता सांगते. ती नाहीशी झाली की ही भाषाही मंदावते. हा परिणाम केवळ पाहणाऱ्यापुरता नसावा. डेव्हिड हावास व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात, आठीचा स्नायू शिथिल केल्यानंतर स्त्रियांना राग व दुःख व्यक्त करणारी वाक्ये वाचण्यास अधिक वेळ लागला. आनंदाच्या वाक्यांबाबत तसे घडले नाही.

सुरक्षितता :
पापणी तात्पुरती खाली येणे हा ज्ञात दुष्परिणाम आहे. विष टोचल्या जागेपासून दूर पसरण्याच्या शक्यतेबाबत अमेरिकी प्रशासनाने २००९ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा बंधनकारक केला. २०२४ मध्ये तेथे बनावट औषधामुळे बाधा झाल्याचीही प्रकरणे उघडकीस आली.

निष्कर्ष :
विष ओसरते, परंतु वारंवार निष्क्रिय ठेवलेला स्नायू लगेच पूर्ववत होतोच असे नाही. म्हणून रुग्णाची संमती एका टोचणीपुरती न घेता संभाव्य वर्षांचा विचार करून घेतली जावी. कमीत कमी मात्रा, दोन टोचण्यांत किमान तीन महिन्यांचे अंतर, अस्सल औषध व प्रशिक्षित डॉक्टर ही पथ्ये अनिवार्य मानावीत. चेहरा तरुण दिसण्याइतकेच तो बोलका राहणेही महत्त्वाचे आहे, याचे भान उपचार देणाऱ्याने व घेणाऱ्याने ठेवणे आवश्यक आहे.