फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला कोण वाचवणार?



महाबळेश्वराच्या एकाच डोंगरावर कृष्णा आणि सावित्री उगम पावतात. कृष्णा पूर्वेला वळते आणि आपल्या उसाला पाणी देते. सावित्री पश्चिमेला कोसळते, पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. घाट उतरला की मुलूख वेगळा, पीक वेगळे. पण सोयरीक एकच. आपल्या कितीतरी घरांतल्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत. म्हणून तिकडे जे घडते त्याची काळजी इकडच्या घरांना लागते.

२२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे डोंगर खाली आला. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले, तळमजले बुडाले. त्याच दिवसांत कृष्णा आणि पंचगंगाही पात्र सोडून आपल्या मळ्यांत आल्या होत्या. २०१९ चा ऑगस्टही कोणी विसरलेले नाही.

पुराच्या दिवशी वीज बंद असते, तेव्हा माणूस पाण्याला भितो. खरा सावधपणा लागतो तो पाणी ओसरल्यावर. भिंती ओल्या, बोर्डात गाळ, नळीतल्या तारांना पाणी लागलेले. आणि “लाईट आली” म्हणताच सगळे घर बटणांकडे धावते. अशा घरात गीझरला किंवा मोटारीला हात लावणाऱ्याचे रक्षण कोण करते, याची माहिती या लेखात देत आहोत. पूर न येणाऱ्या गावालाही ती तितकीच लागू आहे. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून तिथे दोष लवकर उघडा पडतो, एवढेच.

फ्यूजचे काम कोणते?

पुष्कळ सभासद सांगतात, “आमच्याकडे फ्यूज आहे, नवा एमसीबीसुद्धा बसवलाय, मग भीती कसली?” भीती आहे, कारण फ्यूज आणि एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतात. तारेतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त वीज गेली तर तार तापते, घर पेटते. ते होऊ नये म्हणून फ्यूज वितळतो, एमसीबी खाली पडतो.

आता हिशेब पाहू. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरू. त्याने फेजला हात लावला तर अंगातून ०.२३ अँपिअर म्हणजे २३० मिलिअँपिअर वीज जाते. गीझरच्या प्लगचा एमसीबी असतो १६ अँपिअरचा. पाव अँपिअरसुद्धा नसलेली ही वीज त्याच्या गावीही नसते. माणूस चिकटून राहील, पण एमसीबी पडणार नाही.

किती वीज माणसाला पुरे होते? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून पाहिले की मुठीत धरलेली तार माणसाला किती विजेपर्यंत सोडता येते. पुरुषांची सरासरी आली १६ मिलिअँपिअर, बायकांची साडेदहा. त्यापुढे हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर वीज घेतो. म्हणजे एक लहान दिवा पेटायला जेवढी वीज लागते, तिच्या निम्मीसुद्धा माणसाला जखडून ठेवायला पुरते.

अर्थिंग असले तरी

“आमचे अर्थिंग पक्के आहे,” असेही काही जण म्हणतात. अर्थिंग पाहिजेच, त्याला पर्याय नाही. पण ते एकटे पुरत नाही. समजा गीझरची कॉइल फुटली आणि फेज त्याच्या टाकीला लागला. अर्थच्या तारेतून वीज जमिनीत जाईल. त्या वाटेचा एकूण रोध २० ओहम असेल तर वीज जाईल साडेअकरा अँपिअर. एमसीबी १६ चा. तो पडणार नाही आणि टाकी, नळ, पाणी सगळे ‘जिवंत’ राहील.

घाटाखाली कातळ आणि मुरूम. तिथे अर्थचा खड्डा चांगला लागणे अवघड. आपल्या काळ्या रानात तो चांगला लागतो, पण एप्रिल-मे मध्ये जमीन भेगाळली की तोही सुकतो. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून दहा वर्षे झाली, त्यानंतर पाण्याची एक घागर ओतलेली नाही, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत.

त्यात आणखी एक वाईट खोड. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन अर्थची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थ आधी लागावा आणि काढताना शेवटी सुटावा. बोर्डात बसत नाही म्हणून तीच पिन कापून टाकतात, नाहीतर दोन पिनांचे जोड लावतात. हे करू नये.

गळती ओळखणारी पेटी

माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने लोक ईएलसीबी म्हणतात आणि दुकानातही तेच नाव चालते. दिसायला ते एमसीबीसारखेच, पण जरा रुंद, आणि त्यावर ‘टेस्ट’ किंवा नुसते ‘टी’ लिहिलेले बारीक बटण असते.

त्याचे काम गुराख्यासारखे आहे. सकाळी पन्नास गुरे रानात गेली. संध्याकाळी पन्नासच परत आली पाहिजेत. एकोणपन्नास आली तर एक कुठेतरी आडवाटेला गेले. घरात फेजमधून जेवढी वीज आत जाते तेवढीच न्यूट्रलमधून परत यायला हवी. आरसीसीबीत या दोन्ही तारा लोखंडी गाभ्याच्या एका कड्यातून जातात. जाणारी आणि येणारी सारखी असली की त्यांचा परिणाम एकमेकाला मारतो आणि कडे शांत राहते. थोडी वीज माणसाच्या अंगातून, ओल्या भिंतीतून किंवा गीझरच्या टाकीतून जमिनीत गेली की हिशेब चुकतो, कड्यावरच्या बारीक वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि खटका पडतो.

घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. भारतीय मानकाचा क्रमांक आहे आयएस १२६४०. एवढी गळती झाली की तो ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडतो; १५० मिलिअँपिअर झाली तर ०.०४ सेकंदात. झटका बसतो, माणूस दचकतो, पण मूठ सुटते आणि जीव राहतो.

हे काही नवे खूळ नव्हे. डाल्झिएल यांनी १९६१ मध्ये अवघ्या ५ मिलिअँपिअरला पडणारे उपकरण तयार केले. अमेरिकेच्या वीजसंहितेने १९७५ मध्ये न्हाणीघरातल्या प्लगना ते सक्तीचे केले. तिथला साधा प्लग १२० व्होल्टचा असतो, जड उपकरणांचे प्लग २४० चे. या जास्त दाबाच्या प्लगनाही न्हाणीघर, स्वयंपाकघर, धुणीघर अशा ओल्या जागी संरक्षण हवे, असे तिथे २०२० च्या संहितेत आले. आपल्याकडे तर दिव्यापासून गीझरपर्यंत प्रत्येक प्लग २३० व्होल्टचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० च्या सुरक्षा विनियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली, मात्र लहान भाराच्या जोडण्या वगळल्या. कायद्याने वगळले म्हणजे विजेने वगळले, असा अर्थ कोणी घेऊ नये.

“पावसात सारखा पडतो, काढून टाकला”

हे वाक्य आम्ही घाटाखाली ऐकले आणि घाटावरही ऐकतो. वायरमनला बोलावले, त्याने आरसीसीबीला बगल देऊन तारा सरळ जोडल्या, लाईट सुरू झाली, सगळे खूश. सभासदांनी विचार करावा: राखणीचा कुत्रा रात्री भुंकतो म्हणून कोणी त्याला विकतो का? आधी बाहेर जाऊन पाहतो, की आलंय कोण!

आरसीसीबी पडतो तेव्हा बहुतेक वेळा कुठेतरी वीज खरोखरच गळत असते. ती अशी शोधावी. सगळे प्लग काढावेत, सगळे एमसीबी खाली करावेत, मग आरसीसीबी वर करावा. आता एकेक एमसीबी वर करावा, नंतर एकेक वस्तू जोडावी. ज्याला खटका पडला तिथे दोष. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे गीझरची जुनी कॉइल, पावसात भिजणारा अंगणातला दिवा, उंदराने कुरतडलेली माळ्यावरची वायर आणि गोठ्यातला उघडा बोर्ड. काही घरांत दोन भागांचे न्यूट्रल एकत्र जोडलेले असतात किंवा न्यूट्रल आणि अर्थ एक केलेला असतो; तेव्हाही तो पडतो. हा दोष जाणत्या वायरमनकडूनच काढून घ्यावा.

एका पडण्याने सारे घर अंधारात जाते ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर उपाय असा की गीझर, न्हाणीघर, पाण्याची मोटार आणि बाहेरचे प्लग यांना वेगळे संरक्षण द्यावे. आरसीसीबी आणि एमसीबी एकाच पेटीत असलेले आरसीबीओ नावाचे उपकरण मिळते, ते अशा जागी सोयीचे.

त्याला काय जमत नाही

आरसीसीबी जास्त भार ओळखत नाही. म्हणून एमसीबी हवाच. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला आणि पाय कोरडे असले, तर गेलेली वीज तितकीच परत येते. त्याला काही कळत नाही. आणि तिसरे, फार महत्त्वाचे: मेन बंद केली तरी इन्व्हर्टर घरातल्या तारांत वीज सोडतच असतो. मीटरजवळचा आरसीसीबी त्या विजेची राखण करीलच असे नाही. पाणी घरात येऊ लागले की इन्व्हर्टरही बंद केला पाहिजे.

टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीजबिल येते त्या दिवशी दाबले तर विसरणार नाही. दाबताच खटका पडला तर ठीक. न पडला तर उपकरण बदलावे. या बटणाने उपकरण तपासले जाते, अर्थिंग नव्हे. ते वेगळे मोजून घ्यावे.

पुरानंतर काय करावे

पाणी चढू लागले आणि मेन स्विचपर्यंत कोरड्या पायाने जाता येत असेल तरच ती बंद करावी. पाण्यात उभे राहून स्विचला हात लावू नये. महावितरणला १९१२ वर कळवून वरूनच वीज बंद करून घ्यावी.

पाणी ओसरल्यावर बुडालेले प्लग, बटणे, एमसीबी आणि आरसीसीबी बदलावेत. उन्हात वाळवून पुन्हा बसवू नयेत. आतला गाळ निघत नाही. नळीतल्या तारा सुकल्यावर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्याव्यात. रोध एक मेगओहमपेक्षा कमी आला तर वीज जोडू नये. फ्रीज, मोटार, गीझर तपासल्याशिवाय प्लग घालू नये. सामान टिकवायचे, पैसा वाचवायचा ही ओढ आम्हाला समजते. पण दोन दिवस अंधारात काढणे परवडते.

कोणाला वीज लागलीच तर त्याला हात लावू नये. आधी मेन बंद करावी. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करावी. श्वास चालत नसेल तर छाती दाबणे सुरू करावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

शेवटी एक विनंती

हंगामात ऊसतोड मजूर आपल्या रानात कोप्या घालतात. माणुसकी म्हणून आपण घरातून एक वायर सोडतो, दिवा लागतो. ती वायर दवात भिजते, बैलगाडीखाली येते आणि मुले तिच्याभोवती खेळतात. ती आरसीसीबीच्या पुढूनच सोडावी, जोड जमिनीवर ठेवू नये. त्यांच्या लेकरांचा जीव आपल्या प्लगला बांधलेला आहे.

आणि पुढच्या वेळी सोयऱ्यांकडे पोलादपूर-महाडला जाल, किंवा ते इकडे येतील, तेव्हा पाऊसपाणी, पीकपाणी विचारून झाल्यावर एवढेही विचारा: “घरात टेस्टचं बटण आहे का, आणि शेवटचं कधी दाबलं होतं?” आधी मात्र आपल्या घरातले दाबून पाहावे.

— संपादक मंडळ