धुऱ्यावरची बोरं आणि कुंपणावरची चंद्रज्योत



बोरांचे दिवस आले. मजुरीहून परतणाऱ्या मायबहिणींच्या ओच्यात बोरं, पोरांच्या खिशात येरोण्या. उन्हाळा लागला की चारं आणि टेंभरं, मग पहिल्या पावसात जांभळं. यवतमाळच्या वस्त्यांमधल्या आपल्या कितीतरी पिढ्या हा रानमेवा खाऊन वाढल्या. विकतचं फळ परवडत नाही त्या घरात लेकरांना क जीवनसत्त्व मिळतं ते बोरातून आणि आवळ्यातून. म्हणून रानातलं काही खाऊ नका, असं आम्ही मुळीच सांगणार नाही. पण काय खायचं नाही, हे लेकराला हात धरून दाखवावंच लागेल.

खरा धोका रानात कमी, वस्तीच्या कुंपणावर जास्त. तिथे चंद्रज्योत असते. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोक ती कुंपणाला लावतात. दोन दशकांपूर्वी बायोडिझेलच्या नावाखालीही ती पुष्कळ ठिकाणी लावली गेली. फळ आधी हिरवं, मग पिवळं, वाळलं की काळपट होतं. आत बहुधा तीन काळ्या बिया असतात. बी फोडली की पांढरा गर निघतो आणि तो चवीला शेंगदाण्यासारखा लागतो. घात होतो तो इथेच. एक पोरगं खातं, गोड लागलं म्हणून बाकीच्यांना वाटतं, आणि थोड्याच वेळात सगळ्यांना उलट्या, पोटात मुरडा, जुलाब. या विषावर उतारा नाही, पण वेळेत सलाईन मिळालं तर बहुतेक लेकरं बरी होतात.

एरंडीच्या बिया, लाल-काळी गुंज, पिवळ्या कण्हेरीचं फळ, घाणेरीची हिरवी फळं हीसुद्धा लेकरांच्या हाती पडू देऊ नका. गुंज चावली गेली तर त्रास उशिरानेही सुरू होतो. पोरगं खेळतंय म्हणून घरी थांबू नका. "पाखरं खातात, मग आपल्याला काय होतं?" हा हिशेबही चुकीचा. घाणेरीची फळं पाखरं मजेत खातात.

धोतऱ्याचं वेगळंच. बी पोटात गेली की तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, लेकरू बडबडतं, हवेत हात मारतं, माणसं ओळखत नाही. मग कुणीतरी म्हणतं, बाहेरचं झालं, आणि मांत्रिकाकडे नेतात. ते भूत नाही, विष आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी अंगाऱ्यात वेळ जायला नको.

आता फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्यापैकी कितीजण दुसऱ्याच्या वावरात फवारायला जातात, हे सांगायला नको. तेच औषध वाऱ्याने धुऱ्यावरच्या बोरीवर बसतं. तूर फुलाशेंगांवर असते तेव्हा अळीसाठी फवारणी होते आणि बोरंही त्याच सुमारास भरतात. म्हणून वावरात नुकतंच फवारलं असेल तर त्या धुऱ्याची बोरं सोडा. एरवीही घरी आणून दोन-तीन पाण्यांतून धुवूनच द्या. औषधाच्या रिकाम्या डब्यात बोरं वेचू नका, तो डबा कितीही धुतला तरी. फवारलेलं खाल्ल्यावर लाळ सुटली, घाम फुटला, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

लेकराने काहीही खाल्लं असो, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. दूध, तूप पाजू नका. शुद्ध नसेल तर कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन लावा. उरलेली बी, फळ किंवा झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या. किती वाजता खाल्लं आणि सोबत आणखी कोणी खाल्लं, तेही डॉक्टरांना सांगा. मार बसेल या भीतीने पोरं नावं लपवतात. त्यांना त्या दिवशी रागावू नका, आणि त्यांच्या जोडीदारांच्या घरी लगेच निरोप धाडा.