संगणकाचा ताप उतरवताना

माणसाला ताप आला की आपण आधी कपाळाला हात लावतो, मग थर्मामीटर शोधतो आणि त्यानंतर डॉक्टरकडे जातो. संगणकाला ताप आला की मात्र पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट दुकान गाठतो आणि दुकानदार सांगेल तो भाग बदलून घरी येतो. खर्च होतो, आणि पुष्कळदा ताप आहे तिथेच राहतो. म्हणून आज, ज्याला आपण ‘पाण्याचा कूलर’ म्हणतो, तो बसवलेला संगणक तापू लागला तर कपाळाला हात कुठे लावायचा, एवढंच सांगणार आहे.

कवितेच्या माणसाला हे कुठून सुचलं, असं कुणी विचारील. माझा भाचा लग्नांच्या व्हिडिओचं संकलन करतो. घर त्याच संगणकावर चालतं. गेल्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, त्याचा संगणक तापून रांगू लागला. दोन तासांच्या कामाला रात्र पुरेना. दुकानात निदान झालं, की प्रोसेसर गेला, मदरबोर्डसकट बदला. आकडा ऐकून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामू, एवढे पैसे आणू कुठून?” पैसे माझ्याकडेही नव्हते. वेळ होता. आम्ही दोघं त्या यंत्राचं माहितीपुस्तक घेऊन बसलो.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची एक चकती घट्ट बसवलेली असते. तिच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून द्रव वाहतो आणि उष्णता उचलतो. हा द्रव म्हणजे मुख्यतः पाणी, त्यात ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्यं. एक छोटा पंप त्याला नळीतून रेडिएटरकडे ढकलतो. तिथे पंखे उष्णता हवेत सोडतात आणि निवलेला द्रव दुसऱ्या नळीने परत येतो. मोटारीच्या इंजिनाचंही असंच असतं. पाणी वापरण्याचं कारण साधं आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापायला एक किलो हवेच्या चौपट उष्णता लागते, म्हणजे ते तेवढं जास्त ओझं वाहतं. ही कल्पना नवी नाही. १९८५ सालचा क्रे-२ हा महासंगणक तर अख्खा एका विद्युतरोधक द्रवात बुडवलेला होता. ॲपलने २००४ मध्ये आपल्या पॉवर मॅक जी-५ या टेबलावरच्या संगणकात द्रवाचं शीतकरण आणलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे कूलर म्हटलं की वाळ्याचे ताटवे आठवतात. माठ किंवा वाळ्याचा कूलर पाण्याची वाफ होऊ देतो, म्हणून तो भोवतालच्या हवेपेक्षा गार होतो. संगणकातला द्रव बंदिस्त असतो, वाफ होत नाही. त्यामुळे तो खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच होणार नाही. समजा, भरपूर कामात द्रव खोलीपेक्षा १५ अंश वर जातो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असेल तर द्रव ३७वर राहील, आणि विदर्भातल्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल तर ५५वर. यंत्र तेच, दोष कुठेच नाही, तरी आकडा १८ अंशांनी वाढला. म्हणून प्रोसेसरचं तापमान लिहून ठेवताना शेजारी खोलीचंही लिहावं.

दुसरी गोष्ट, मोठा आकडा म्हणजे आजार असंही नाही. २०२२ मध्ये आलेले एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेले आहेत. इंटेलच्या अनेक मोठ्या प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे. त्यापुढे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर संगणक बंद पडतो. काळजी केव्हा करायची? काही काम नसतानाही आकडा साठ-सत्तरवर बसून असेल, किंवा पूर्वी त्याच कामाला, त्याच ऋतूत बराच कमी असायचा आणि आता वाढला असेल, तेव्हा.

आता कपाळाला हात. संगणक चालू करून दहा-पंधरा मिनिटं जड काम द्या. मग पंख्याच्या पात्यांपासून बोटं दूर ठेवून दोन्ही नळ्यांना आणि रेडिएटरच्या कडेला हात लावा. यंत्र ठीक असेल तर दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच कोमट लागतात. त्यांच्यातला फरक जेमतेम दोन-चार अंशांचा असतो. यापुढे तीन शक्यता.

पहिली. नळ्या आणि रेडिएटर सगळंच चांगलं गरम आहे. म्हणजे द्रव आपलं काम करतोय, उष्णता बाहेर जात नाही. रेडिएटरच्या पत्र्यांत धूळ साचली असेल, पंखा बंद असेल किंवा उलटा बसला असेल, कॅबिनेट भिंतीला टेकलं असेल. संगणक बंद करून, पंखा बोटाने धरून, हवेच्या झोताने धूळ काढा.

दुसरी. नळ्या, रेडिएटर कोमटच आहेत, पण काम सुरू होताच क्षणात आकडा शिखर गाठतो. इथे प्रोसेसर आणि चकती यांचा सांधा संशयित. मधली थर्मल पेस्ट वाळलेली असेल, स्क्रू एका बाजूला सैल असतील. नव्या कूलरच्या चकतीवरचं पातळ प्लास्टिक तसंच राहिल्याचंही घडतं. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत.

तिसरी. एक नळी गरम, दुसरी गार, किंवा प्रोसेसर पेटलेला आणि रेडिएटर थंडगार. म्हणजे द्रव फिरतच नाही. बायोसमध्ये पंपाचे फेरे दिसतात. शून्य दिसले तर वीज बंद करून त्याची पिन नीट बसली आहे का ते पाहा. पंपाची वायर पंख्याच्या जागी लावलेली असेल आणि वेग कमी ठेवलेला असेल, तर तो पूर्ण वेगावर करा. फेरे ठीक असूनही द्रव फिरत नसेल, तर बारीक खाचा गाळाने बुजलेल्या असू शकतात. आतून खळखळ ऐकू येत असेल तर पंपात हवा अडकली आहे. वर्षानुवर्षांत नळ्यांच्या भिंतींतून थोडा द्रव उडून जातो आणि तिथे हवा जमते. हवा वर चढते, म्हणून पंप हा साऱ्या मांडणीतला सर्वांत उंच भाग असू नये. रेडिएटरचा वरचा भाग त्याच्याहून वर हवा.

भाच्याच्या यंत्रात रेडिएटर थंड होता आणि पंपाचे फेरे शून्य. पिन काढून दुसऱ्या जागी लावली, तरी शून्य. निदान झालं. प्रोसेसर धडधाकट, पंप गेलेला. पावती सापडली, हमीची मुदत शिल्लक होती. बंद कूलर कंपनीकडे गेला. तोवर त्याने साधा हवेचा कूलर दोन हजारांच्या आत आणून बसवला, प्रोसेसरची वीजमर्यादा बायोसमधून थोडी उतरवली आणि काम ठरल्या दिवशी पोचवलं. महिन्याभराने बदली कूलर आला.

दोन इशारे. बंदिस्त कूलर उघडून त्यात घरचं पाणी भरू नका. हमी जाते आणि तांबं-ॲल्युमिनियम एकत्र असलेल्या यंत्रात साध्या पाण्याने गंज धरतो. आणि सांध्याशी ओल दिसली तर संगणक ताबडतोब बंद करून वायर काढा. तिथे प्रयोग नकोत.

बाकी साऱ्याला थोडा वेळ आणि दोन बोटं पुरतात. त्यानंतर दुकानात अवश्य जा. फक्त जाताना “तापतोय” एवढंच सांगू नका. “रेडिएटर थंड आहे, पंपाचे फेरे शून्य आहेत, खोली ३८ अंशांवर होती” असं सांगा. लक्षणं सांगता येणाऱ्या गिऱ्हाइकाला नको असलेला भाग विकणं कठीण जातं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)