निबंधमाला ते छत्तीसगढ मित्र

मराठीत परंपरेचा कैवार घेणाऱ्या नियतकालिकांचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात 1874 च्या निबंधमालेपासूनच करावी लागते. विष्णुशास्त्री चिपळूणकर तेव्हा पंचविशीच्याही आत होते, सरकारी शाळेत शिक्षक होते आणि 84 अंकांचा बहुतेक सारा मजकूर त्यांनी एकहाती लिहिला. इंग्रजी राज्य, मिशनरी आणि स्वतःच्या भाषेची, इतिहासाची लाज बाळगणारे नवशिक्षित या तिघांशी त्यांनी उघड वाद मांडला. 1879 मध्ये नोकरी सोडली, पुढच्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि 1881 मध्ये केसरी निघाला. बत्तिशीही न गाठता ते गेले. त्यांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध मात्र सरकारला इतका झोंबला, की त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी त्यावर बंदी आली.

पण याच मालेत जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचारही आहे आणि तो वाचताना आजही मन विटते. ‘गुलामगिरी’ 1873 ची. तिच्यात शूद्रातिशूद्रांच्या दास्याबद्दल जे विचारले होते, त्याला उत्तर द्यायचे सोडून शास्त्रीबुवा फुल्यांच्या व्याकरणावर तुटून पडले. तीच लेखणी, तेच सामर्थ्य. समोरचा माणूस तेवढा बदलला. माझे म्हणणे एवढेच आहे, की परंपरावादी पत्राची किंमत ते कोणापुढे ताठ उभे राहते यावर ठरते. सत्तेपुढे जे धैर्य होते, ते दुबळ्यापुढे अरेरावी झाले. 1891 च्या संमतिवयाच्या वादात हे दोन्ही एकाच वेळी दिसते. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हे केसरीचे म्हणणे राजकारण म्हणून समजण्यासारखे होते. पण संमतीचे वय दहावरून बारावर नेणारा तो कायदा अडला असता, तर त्याची झळ लहान मुलींना बसणार होती.

आजच्या मापाने त्या काळाला जोखू नये, असा आक्षेप यावर येतो. तो मला पटत नाही, कारण ते माप त्या काळातही होते. फुले समकालीन होते. आगरकर तर केसरीचे पहिले संपादक. त्यांनी 1887 मध्ये केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला.

या वंशाची एक शाखा छत्तीसगडात रुजली आणि तिथे तिचे वळण बदलले. जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून माधवराव सप्रे यांनी रामराव चिंचोलकरांसह ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. प्रकाशक वामन बळीराम लाखे. सप्रे टिळकांचे अनुयायी आणि समर्थांचे भक्त. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले. 1907 मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढला, पुढच्या वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले, माफी लिहून सुटले आणि मग काही काळ माधुकरी मागून राहिले. त्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या 1901 च्या कथेत जमीनदार विधवेची झोपडी बळकावतो. ती त्याच जागेची टोपलीभर माती मागते आणि टोपली डोक्यावर चढवायला त्याचाच हात मागते. टोपली त्याला उचलत नाही. एवढ्या मातीचा भार पेलत नसेल, तर साऱ्या जमिनीचा जन्मभर कसा पेलणार, असे ती विचारते.

मग सप्र्यांना परंपरावादी का म्हणावे, असे कोणी विचारील. म्हणावे, कारण त्या विधवेच्या तोंडी त्यांनी कोणतेही नवे तत्त्वज्ञान घातले नाही. जमीनदाराला लाजवायला जुनी पापभीरुता पुरेशी होती. परंपरेत ही ताकद आहे, हे निबंधमालाकारांना दाखवता आले असते. त्यांनी ते केले नाही.

कुम्हारीहून खारून नदी ओलांडली की रायपूर. सप्रे तिथेच 1926 मध्ये वारले. रायपूर-दुर्ग-भिलाईच्या मराठी घरांत त्यांचे हिंदी लेखन वाचले जावे. आणि निबंधमाला वाचायची तर फुल्यांवरची पाने न गाळता वाचावी.