पाय सुजतात, दम लागतो? हृदय तपासा

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात चढावर दम लागला, पाय सुजले, की ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. हीच हार्ट फेल्युअरची सुरुवात असू शकते. यात हृदय बंद पडत नाही. विहिरीवरची मोटर चालू असूनही पाणी कमी चढावं, तसं ते रक्त कमी ढकलतं. मग मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. नडगीवर अंगठा दाबल्यावर खड्डा राहिला, झोपताना दोन उशा लागू लागल्या, तर डॉक्टरांना गाठा.

जुना रक्तदाब, मधुमेह आणि येऊन गेलेला हार्ट अटॅक हे मोठे धोके. हृदयाचा डावा कप्पा त्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर टाकतो, हे टू-डी इकोत दिसतं. साधारण ५० ते ७० टक्के ठीक. ४० किंवा त्याहून कमी म्हणजे हृदय दुबळं.

उपचार सुरू असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं, तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावं. गुडघेदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यातल्या अनेक गोळ्यांनी सूज वाढते.

तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते. ती तपासणी करून घ्या, आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका.